वाचनालय चालवता चालवता स्वतः परीक्षेला बसायचं तर

सोसायटीच्या तळमजल्यावर, देवळाच्या ओवरीत, ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत किंवा स्वतःच्याच पडवीत, लोकांनी दिलेल्या पुस्तकांवर छोटं वाचनालय चालवणारी माणसं गावोगाव आहेत. यातली बरीच चाळिशी-पन्नाशीतली. त्यांतल्या पुष्कळांचं स्वतःचं शिक्षण मात्र कुठेतरी अडलेलं असतं. कुणाचं बारावीनंतर लग्न झालं, कुणी शेवटच्या वर्षाला नोकरी धरली, कुणाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. अशांपैकी कुणी पुन्हा शिकायचं ठरवलं की सगळे म्हणतात, 'तुम्ही तर पुस्तकांतच असता, तुम्हाला काय अवघड?'

अवघड तेच आहे. वाचनालयाचं काम हे अभ्यास टाळण्याचं सर्वांत प्रतिष्ठित निमित्त आहे. टीव्ही बघत बसलात तर मनाला टोचतं. कपाट लावत बसलात तर टोचत नाही, उलट चार माणसं कौतुक करून जातात. अभ्यासाचं कौतुक निकाल लागेपर्यंत कुणी करत नाही. शिवाय दोन्ही कामांना संध्याकाळचा तोच दीड-दोन तास हवा असतो. म्हणून या लेखात अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी वाचनालयाची आवराआवर येते. तो क्रम उलटा केला तर दिवाळीपर्यंत अभ्यासाच्या पुस्तकांची खोकी न उघडताच राहतात, असं मी आजूबाजूला बऱ्याचदा पाहिलं आहे.

कुठून आणि कशासाठी

सुरुवात तुमचं शिक्षण जिथे थांबलं तिथून होते.

दहावी किंवा बारावी राहिली असेल तर दोन सरळ वाटा. एक राज्य मंडळाची, खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. वाचनालय सांभाळणाऱ्याला मी दुसरी सुचवेन. तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नसते. एक विषय काढला, थोडा दम घेतला, पुढचा काढला, असं चालतं. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

बारावी झाली असेल आणि पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) किंवा दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू (१९८५). नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि मराठीतून शिकायची सोय आहे. ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनी दुसरीकडे बघायचं कारण नाही. इग्नूत प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा होतात, सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर आणि गोव्यात पणजी इथे त्यांची प्रादेशिक केंद्रं आहेत.

पदवी आधीच असली की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते बी.लिब.चं, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचं. इथे थोडं थांबा. वाचनालय चालवता म्हणून ग्रंथालयशास्त्रच शिकायला हवं असं काही नाही. शाळा-कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी करायची असेल तर ती पदवी लागेल. फक्त आपलं वाचनालय नीट चालवायचं असेल, तर इग्नूचा बारावीनंतरचा सहा महिन्यांचा ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत चालणारे ग्रंथपालनाचे वर्ग पुरेसे आहेत. आणि मुलांसोबत जास्त रमत असाल तर मानसशास्त्र, मराठी, समाजकार्य हे विषय वाचनालयाला जास्त उपयोगी पडतील. दिवसभर पुस्तकांवर क्रमांक टाकून रात्री पुन्हा क्रमांकांचाच अभ्यास, हे प्रत्येकाला झेपत नाही.

अभ्यासक्रम ठरवण्याआधी त्याचं माहितीपत्रक पूर्ण वाचा. पात्रता, माध्यम, परीक्षा केंद्र, कमाल मुदत आणि एकूण शुल्क या पाच गोष्टी एका कागदावर उतरवून घ्या. केंद्रावरच्या माणसाने तोंडी सांगितलेलं नंतर कामाला येत नाही.

कागदपत्रं: नाव जुळवा

वीस वर्षांनी परत शिकणाऱ्यांचा प्रवेश बुद्धीवर अडत नाही, नावावर अडतो. विशेषतः बायकांचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब. प्रवेश ऑनलाइन असतो आणि तिथलं यंत्र हे समजून घेत नाही.

साधा मार्ग असा की शैक्षणिक कागदपत्रांवर जे नाव आहे त्याच नावाने प्रवेश घ्यायचा आणि नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली (गॅझेटमधली) नोंद जोडायची. यांतलं काहीच नसेल तर प्रवेश सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी त्या कामाला लागा. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

सोबत शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, आणि मधल्या वर्षांचं खंड प्रतिज्ञापत्र, ज्याला सगळे 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. जुनी गुणपत्रिका हरवली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयातून दुय्यम प्रत मिळते. वेळ लागतो, मिळते.

आणखी दोन गोष्टी आता लागतात, ज्या आपल्या वेळी नव्हत्या. एक एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक (क्रेडिट) जमा होणारं खातं. ते डिजिलॉकरमधून निघतं. दुसरा डेब आयडी, जो दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने बंधनकारक केला आहे आणि एबीसी आयडीच्या आधाराने तयार होतो. दोन्हींना मोबाइल आधारशी जोडलेला हवा. वाचनालयात येणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. पासवर्ड मात्र स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, पोराच्या मोबाइलमध्ये नको.

वाचनालय हलकं करा

हा या लेखातला सर्वांत मोठा भाग, आणि प्रवेश घेण्याआधी दोन महिने करायचा.

आधी वेळ बांधा. 'घरीच असते, कधीही या' ही सोय तुमच्या अभ्यासाच्या मुळावर येते. दुपारी चारला पुस्तक उघडावं तर दारात चौथीतली मुलगी उभी. एका हातात चपला, दुसऱ्या हातात ओल्या पिशवीतलं पुस्तक. 'काकू, हे झालं, याच्या पुढचं द्या.' तिला परत पाठवणं कुणाच्या जिवावर येणार नाही? म्हणून ते तिच्यावर आणि तुमच्यावर सोडायचंच नाही. आठवड्याचे दोन दिवस, ठरलेले दीड तास, दारावर मोठ्या अक्षरांत पाटी. बाहेर खिडकीत एक टोपली ठेवा, परत करायची पुस्तकं तिच्यात पडतील. महिनाभर लोक कुरकुरतात, मग सवय होते.

दुसरं, देणगीची पुस्तकं. वाचनालय चालवणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ वाचकांवर जात नाही, पोत्यांवर जातो. घर रंगवायला काढलं की लोक रद्दीवाल्याऐवजी तुम्हाला फोन करतात. त्यात जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, गाईडं, दिवाळी अंकांची चळत, बुरशी धरलेली कादंबरी आणि तळाशी एखादं खरोखर चांगलं पुस्तक. ते शोधण्यात रविवार जातो. नियम लिहून लावा: पाठ्यपुस्तकं आणि गाईडं घेत नाही, फाटकी-ओली घेत नाही, आधी यादी किंवा फोटो पाठवा, आणि परीक्षेच्या आधीचे तीन महिने देणगी पूर्ण बंद. मला विचाराल तर शिकण्याच्या पहिल्या वर्षी देणगी वर्षभर बंद ठेवली तरी चालेल. शेल्फावर आहेत तीच पुस्तकं किती जणांनी वाचली आहेत ते एकदा बघा.

तिसरं, नोंद. मोठ्या ग्रंथालयांचं पाहून आपणही वर्गीकरण आणि संगणक प्रणाली आणावी असा मोह होतो. दोन हजारांच्या आतल्या पुस्तकांना एक जाड रजिस्टर बस्स आहे. रकाने असे: दाखलांक (पुस्तक दाखल करताना दिलेला क्रमांक), तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, कुठून मिळालं, शेरा. दाखलांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर, म्हणजे पहिलं पान फाटलं तरी ओळख राहते. पाठीवर रंगीत कागदाची पट्टी: बालसाहित्याला एक रंग, कथा-कादंबरीला एक, चरित्राला एक, बाकीच्यांना एक. देवघेवीची वही वेगळी. वर्गणी आणि अनामत तिसऱ्या वहीत, तुमच्या घरखर्चाच्या पाकिटापासून लांब. नोंद इतकी साधी असावी की तुम्ही नसताना आठवीतल्या मुलालाही करता आली पाहिजे. तीच तिची परीक्षा.

चौथं, माणसं. 'मदतीला कुणी येत नाही' असं म्हणणाऱ्यांच्या वाचनालयाची किल्ली बहुतेक वेळा एकच असते. दोन किल्ल्या करून दोघांना द्या. एक निवृत्त माणूस आणि एक कॉलेजात जाणारी मुलगी अशी जोडी चांगली जमते. निवृत्तांना वेळ असतो, मुलीला मोबाइल कळतो. काम मोघम वाटू नका. 'जमेल तेव्हा या' म्हटलं की कुणी येत नाही. 'बुधवार तुमचा' म्हटलं की येतात. आणि त्यांनी पुस्तकं तुमच्यापेक्षा वेगळी लावली तर लावू द्या. हे बोलायला सोपं आहे, मला ठाऊक आहे.

खोलीच नको असेल तर ग्रंथपेटीचा विचार करा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरत्या ठेवून हे दाखवून दिलं आहे. तुमच्याकडेही पंचवीस-तीस पुस्तकांच्या चार पेट्या करून चार आळ्यांत चार घरी ठेवता येतील. तीन महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. दारात रोज कुणी येत नाही, आणि पुस्तकं फिरत राहतात.

एक काम मात्र शिकत असताना मुळीच काढू नका: संस्था नोंदणी. सन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी, घटना, सात माणसांच्या सह्या, बँक खातं, दरवर्षी हिशेबतपासणी, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. त्यापुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता आणि अ, ब, क, ड वर्गांचं अनुदान हा आणखी वेगळा डोंगर. तो एक स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे आणि त्याला पदवी मिळत नाही. शिकून झाल्यावर बघा.

वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवून

दोन्ही कामांचा हंगाम नेमका एकावर एक येतो. मुलांची उन्हाळी सुटी एप्रिल अखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, तेव्हा वाचनालय सर्वांत गजबजलेलं. इग्नूची जूनची परीक्षा आणि एनआयओएसची एप्रिल-मेची परीक्षा त्याच दिवसांत. दिवाळीत दिवाळी अंकांची झुंबड, आणि पाठोपाठ डिसेंबरची परीक्षा.

यातून वाट काढायची तर अवघड विषय डिसेंबरला टाका. दिवाळी अंकांची गर्दी पंधरा-वीस दिवसांत ओसरते, सुटीतली मुलं दीड महिना असतात. इग्नूत कमाल मुदतीच्या आत कोणत्या सत्रात कोणते पेपर द्यायचे ते बरंचसं तुमच्या हातात असतं, फक्त त्या विषयाचा स्वाध्याय, म्हणजे घरून लिहून द्यायची असाइनमेंट, वेळेत जमा झालेला हवा. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची सत्रं ठरलेली असतात, तिथे मे महिन्यातलं वाचनालय इतरांवर सोपवण्यावाचून इलाज नाही. मेमध्ये कॉलेजची मुलंही मोकळी असतात. त्यांना सुटीपुरतं वाचनालय पूर्ण सोपवा.

जुलै-ऑगस्ट हे दोन महिने सोन्याचे. शेतीची कामं, पाऊस, शाळा नव्याने सुरू झालेली, वाचक कमी. अभ्यासाचा मोठा भाग या दिवसांत उरका. वाचनालयाचं एकच काम पावसाच्या आधी हातावेगळं करा, ते म्हणजे सर्वांत खालचा कप्पा रिकामा करणं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात चिपळूणच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं होतं. आपल्या पडवीचं काय घेऊन बसलात.

२३ एप्रिल पुस्तक दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. या तिन्ही दिवसांना कार्यक्रम करायचाच असं मनात असेल तर वर्षाला एकच निवडा, आणि तो परीक्षेपासून लांबचा.

वाचन आणि अभ्यास

पुस्तकवेड्या माणसाची अभ्यासात एक खास अडचण होते. तो पाठ्यपुस्तकही कादंबरीसारखं वाचतो. सलग, आवडीने, लोडाला टेकून. वाचताना सगळं समजतं, म्हणून वाटतं की आलं. पुस्तक मिटून 'या प्रकरणातले चार मुद्दे लिही' म्हटलं की दोनच आठवतात. त्यातून तो दुसरं पुस्तक काढतो, कारण विषय रंजक वाटलेला असतो, आणि आठवड्याभराने त्याने त्या विषयावर तीन पुस्तकं वाचलेली असतात आणि अभ्यासक्रमातलं एकही प्रकरण पूर्ण केलेलं नसतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. टेबल, खुर्ची, वही, पेन. एक घटक वाचायचा, पुस्तक बंद, आठवेल ते लिहायचं, पुन्हा उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दोन दिवसांनी फक्त लाल भाग बघायचा. इतर कुठलंही पुस्तक त्या विषयाचा स्वाध्याय संपेपर्यंत उघडायचं नाही. मोह झालाच तर नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. निकालानंतर वाचायला चांगली यादी तयार होते.

हाताला लिहायची सवय ही दुसरी गोष्ट. कित्येक वर्षं आपण सही आणि वाण्याची यादी यापलीकडे काही लिहिलेलं नसतं. तीन तासांचा पेपर लिहायला बसलं की पाऊण तासात अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, अक्षर उतरणीला लागतं आणि शेवटचे दोन प्रश्न घाईत जातात. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून रोज दोन पानं घड्याळ लावून लिहा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. दर पंधरा दिवसांनी एक अख्खा पेपर सोडवा. इग्नूचे स्वाध्याय हाताने लिहायचे असतात आणि बहुतेक अभ्यासक्रमांत त्यांना ३० टक्के वजन असतं, म्हणजे सराव होतो आणि गुणही पदरात पडतात. कुणाचे तयार स्वाध्याय उतरवून काढले तर यांतलं काहीच हाती लागत नाही.

बसायचं कुठे? वाचनालयात नाही, हे पक्कं. तिथे तुम्हाला वाकडं लागलेलं पुस्तक दिसणार आणि तुम्ही उठणार. घरात जागा नसेल तर गावातली अभ्यासिका बघा. तालुक्याच्या बहुतेक ठिकाणी नगरपालिकेच्या, जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या किंवा खासगी अभ्यासिका आहेत. तिथे पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं पहाटेपासून बसलेली असतात. पहिले दोन दिवस ती 'मॅडम, कुणाला शोधताय?' म्हणून विचारतील. तिसऱ्या दिवशी पंख्याखालची खुर्ची सोडतील. त्यांच्यात बसलं की उठायची लाज वाटते, हा मोठाच फायदा.

पहाट की रात्र, हा वाद निरर्थक आहे. घरातलं कोण कधी उठतं, पाणी किती वाजता येतं, यावर ते ठरतं. रोज दीड तास आणि रविवारी चार तास एवढं सांभाळलं तर बी.ए.चं वर्ष निघतं. तो वेळ घरच्यांना सांगून, शक्य तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

ग्रंथालयशास्त्रच निवडलं असेल तर

मग मात्र तुमचं वाचनालय हीच प्रयोगशाळा, पण मोजून-मापून. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची १९३१ सालची पंचसूत्रं पाठ करताना 'वाचकाचा वेळ वाचवा' याला स्वतःच्या खोलीतलं उदाहरण जोडा: रंगीत पट्ट्या लावल्यावर मुलं स्वतः पुस्तक शोधायला लागली का? परीक्षकाला असं उत्तर वेगळं दिसतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. त्याच्यापुढे कवितेसाठी १, नाटकासाठी २, कादंबरीसाठी ३. रोज आपल्या शेल्फावरची पाच पुस्तकं घेऊन वहीत त्यांचे क्रमांक काढा. प्रत्यक्ष पुस्तकांवर चिकटवू नका. चिकटवायला बसलात की अभ्यास गेला आणि गोंद आला.

घसरगुंडी झाली तर

घरात आजारपण येतं, लग्न निघतं, एखादा विषय राहतो. मुक्त शिक्षणात एक सत्र हुकलं म्हणजे वर्ष गेलं असं नसतं. राहिलेला पेपर पुढच्या परीक्षेत देता येतो, त्यासाठी परीक्षा अर्ज आणि शुल्क वेळेत भरायला लागतं, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. अर्ज सुरू व्हायची आणि संपायची तारीख वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवा. ती वही तुम्ही किंवा तुमचे मदतनीस आठवड्यातून दोनदा उघडताच. एखाद्या बुधवारी निवृत्त काकाच विचारतील, 'ताई, फॉर्म भरला का?'